आधी वरचे कोपरे

६ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सप्रेम नमस्कार.

गोटी तुमच्याकडून आली त्याला पंधरवडा होत आला आणि पत्र लिहायला मला आज सवड मिळाली. रागावू नका. फोन केला असता, पण कवळ्या घासायच्या ग्राइंडरने तुमचे कान खाल्ल्यापासून फोनवर तुम्ही निम्मं ऐकता आणि निम्मं मनाने भरता, म्हणून पत्रच बरं.

माझी पाठ आता ठीक आहे. कामावर रुजू झाले. पुन्हा तोच दिवा, तीच काळी-पांढरी पाटी आणि तपासायला समोरून सरकत येणाऱ्या औषधाच्या बाटल्या. मी आडवी पडले होते तेव्हा पाच वर्षांच्या पोरीला तुम्ही तीन महिने सांभाळलंत, हे मी विसरणार नाही. एकटं राहायची सवय असलेल्या माणसाने घरात एवढी बडबड सहन करायची म्हणजे थट्टा नव्हे.

आता एक सहज विचारते. गोटी तिकडून एक नवीन खोड घेऊन आली आहे. बाथरूमच्या दारात पोचली की थांबते. फ्रॉकचा घेर मुठीत गच्च धरते आणि वर बघायला लागते. आधी वरचे कोपरे, डावीकडून उजवीकडे, मग नळाच्या मागे, मग बादलीच्या आड, शेवटी फरशी. तेवढा वेळ श्वाससुद्धा धरून ठेवते. सगळं बघून झालं की दारातून बाजूला होते आणि मी आत जाईपर्यंत भिंतीला चिकटून उभी राहते. म्हणजे बघा, एवढी घाबरते की आधी आईला पुढे घालते! परवा खरोखरच एक पाल होती वर. तर हिने धाडकन दार ओढून घेतलं आणि मला दोन्ही हातांनी मागे लोटलं. तोंडाचा रंग उडाला होता.

आमच्याकडे हे नवीन आहे. माझी आई पाल हाताने धरून खिडकीबाहेर टाकायची, मलाही त्यांचं काही वाटत नाही. गोटीही पूर्वी घाबरत नव्हती. म्हणून विचारते, तिकडे असताना जेवत नाही, झोपत नाही म्हणून तिला काही सांगितलं गेलं का? 'पाल येईल हं' वगैरे? मोठी माणसं बोलून जातात, मुद्दाम नाही. राग मानू नका. सहज विचारलं.

तुमची,
वहिनी


१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
अनेक आशीर्वाद.

'सहज' हा शब्द पत्राच्या सुरुवातीलाही आहे आणि शेवटीही. इतक्या सहज कुणी विचारत नाही गं. तुझ्या मनात पाल चुकचुकली, आणि चुकचुकायला विषयही पालीचाच मिळाला!

तर ऐक. मी पोराटोरांना भीती घालत नाही. माझ्या खोलीत टेबलभर कवळ्या मांडलेल्या असतात, प्लास्टरचे जबडे शेल्फावर ओळीने बसलेले असतात. मोठमोठे पुरुष आत आले की दचकतात. तुझी लेक त्यांच्यासमोर बसून दूध प्यायची आणि एकेका जबड्याला 'तुला हवंय का?' असं विचारायची. मला भीतीच घालायची असती तर सामान काय कमी होतं?

आणि पालीचं म्हणशील तर माझ्या कामाच्या दिव्यामागे एक आहे, बऱ्याच दिवसांची. गोटी तिला 'मावशी' म्हणायची. सकाळी उठली की आधी मावशी जागेवर आहे का ते बघायची.

मग ही भीती आली कुठून? मला विचारशील तर ती रक्तातच असते. तुझ्या सासूबाई, म्हणजे आमची आई, आठवतात ना? पाल दिसली की गॅसवरचं तसंच टाकून अंगणात. तूच तर त्यांची नक्कल करायचीस, पदर डोक्यावर धरून. त्यांना कुणी शिकवलं होतं? दाताचंच बघ. दुधाचे दात पडतात, पक्के दात हिरडीत आधीपासून बसलेलेच असतात, वेळ झाली की वर येतात. भीतीही तशीच वर येते. त्यात कुणाचा दोष शोधायचा नसतो.

सुट्टी लागली की तिला पाठव. खिडकीखाली तिच्यासाठी एक बुटकं स्टूल करून घेतलं आहे, माझ्या शेजारी बसून मेणाशी खेळायला. घर फार गप्प झालंय. हे मी तुला सांगणार नव्हते, पण सांगून टाकलं.

तुझी,
ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताईंना,
नमस्कार.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. माझं कामच तसं आहे. बाटलीत कण आहे की नाही ते एका नजरेत ठरवायचं नसतं, उजेडासमोर फिरवून बघायचं असतं.

तुमच्या पत्रात मला कण दिसतो. तिकडे ती पालीशी खेळत होती, तिला मावशी म्हणत होती, असं तुम्ही लिहिता. (मावशीच का हो? आत्या का नाही?) आणि त्याच पत्रात लिहिता की भीती रक्तातच होती. रक्तातच होती तर तिकडे तीन महिने ती कुठे फिरायला गेली होती? दोन्ही एकदम खरं कसं असेल? माणूस एका प्रश्नाला दोन उत्तरं देतो तेव्हा तिसरं काहीतरी झाकत असतो.

आणि झाकण्यासारखं आहे, हे मला आता पक्कं कळलंय. गोटीच्या दप्तराच्या तळाशी एक डबी सापडली. दोऱ्याने गच्च बांधलेली. उघडली तर आत तुमच्या त्या कवळ्यांच्या गुलाबी मेणाची पाल. पाय, बोटं, शेपूट, सगळं हुबेहूब. मी ती हातात घेतली तर गोटी किंचाळली. 'आई, ठेव, ती बंदच असू दे!' तिला जवळ घेऊन विचारलं, कुणी दिली ही? म्हणाली, 'आत्याने पाय करून दिले.' कशासाठी? तर डबीला दोरा बांधायला लागली. पालीने तुला काही केलं का? तशी गाठ मारत म्हणाली, 'आत्याला माहीत आहे. पण सांगायचं नाही असं ठरलंय.'

कुणी ठरवलं, ताई? पाच वर्षांच्या पोरीला आईपासून लपवायला शिकवायचं, हे कुठल्या रक्तात बसतं? मी आडवी होते, माझा इलाज नव्हता, म्हणून मुलगी तुमच्या हाती दिली. तिच्याशी तुम्ही काय बोललात ते मला कळायलाच हवं.

वहिनी


५ मार्च

प्रिय वहिनी,
आशीर्वाद.

डबीतली पाल तिने केली, मी फक्त पायांना हात लावला. तिच्या बोटांना पालीची बोटं जमत नव्हती. डबी तिने मागून घेतली, दोराही तिनेच बांधला.

राहिलं ते ठरलेलं. ठरलंय ते ठरलंय. तुझी लेक एवढीशी असून शब्द पाळते आणि मी तिच्याहून लहान नाही. मात्र मी तिला काही लपवायला शिकवलं नाही, हे डोळ्यांत डोळे घालून सांगेन. तू समोर असतीस तर बरं झालं असतं, कागदाला डोळे नसतात.

तू मला इतकं खोदून विचारतेस तर मीही एक विचारते. तू पडलीस त्या दिवसाचं मला कुणी नीट सांगितलंच नाही. भावाने घाईघाईत गोटीला आणून सोडलं आणि म्हणाला, 'बाथरूममध्ये साबणावरून पाय घसरला.' कुठे होता गं तो साबण? तू बाटलीतला इतरांच्या डोळ्यांना न दिसणारा कण पकडतेस, आणि पायाखालची वडी तुला दिसली नाही, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

सहज विचारते हो.

ताई


१३ मार्च

ती. ताई,

माझ्या पडण्याचा इथे काय संबंध? उगाच विषय फिरवू नका.

गोटीला डॉक्टरांकडे नेलं होतं. मुलांच्या मनाचं बघणाऱ्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, काही भीती माणूस बरोबर घेऊन जन्मतो, काही नंतर लागतात, आणि नेमकं किती कुठलं हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. पण एकाएकी लागलेली भीती मूल बहुतेक वेळा कुणाकडे तरी बघून शिकतं. आपल्या जवळच्या मोठ्या माणसाकडे. 'कुणाकडे बघितलं ते शोधा,' असं त्यांनी सांगितलं.

मला फार शोधावं लागलं नाही. तुम्ही तुमच्याच आईच्या लेक. तुमच्या घरात पाल आहे आणि तुम्ही एकट्या राहता, म्हणजे तुम्ही तिला किती घाबरता ते फक्त गोटीनेच बघितलं असणार. तुम्ही कबूल करणार नाही, मला अपेक्षाही नाही.

सुट्टीत गोटी येणार नाही. पुढचंही मी आत्ता काही सांगू शकत नाही. स्टुलाचं वाईट वाटतं.

कळावे.


१७ मार्च

ती. ताई,
सा. न.

हे पत्र ऑफिसातून लिहितोय, घरी कळवू नकोस. तुमच्या दोघींच्या मध्ये पडायची माझी छाती नाही, ते तुला लहानपणापासून माहीत आहे. पण तुझ्या पत्रातला साबण मी वाचला आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

ताई, साबण मीच खाली ठेवला असणार. मला आठवत नाही, पण ही म्हणाली तेव्हा मी मान्य केलं, कारण मी ठेवतो खाली, लाख वेळा सांगून झालंय तिचं. तिची पाठ, तीन महिने अंथरूण, गोटीचं तुझ्याकडे जाणं, सगळ्याचं मूळ मीच. आता मी रोज अंघोळ झाली की बाथरूम कापडाने पुसून कोरडं करतो. गोटी दारात उभी राहून माझ्याकडे बघत असते. परवा म्हणाली, 'बाबा, खाली पुसून काही होत नाही.' मी विचारलं, मग? तर पळून गेली.

तेव्हा तो विषय हिच्याकडे काढू नकोस. ती मला काही बोलत नाही, पण मला माझं कळतं.

तुझा,
भाऊ


२३ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र वाचून झाल्यावर तू माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलंस तरी मी ते लिहिणार आहे. गोटीला दिलेला शब्द मी मोडते आहे. तिला माझ्या वतीने सांग, आत्या चुकली, पण आत्याला दुसरा रस्ता दिसला नाही.

गोटी माझ्याकडे आली तेव्हा सुरुवातीला बोलतच नव्हती. मग एकदा दिव्यामागची पाल तिला दिसली. घाबरली नाही. माझ्या हाताला धरून विचारलं, 'ही पडते का?' मी म्हटलं, नाही गं, ती घट्ट धरून असते. तर म्हणाली, 'आमची पडली. आईच्या मानेवर. आई ओरडली आणि पडली. मग आईला घेऊन गेले.'

मी विचारलं, बाबांना माहीत आहे का हे? तिने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, 'आईने सांगितलंय, कुणी विचारलं तर पाय घसरला म्हणायचं. तू पण तेच म्हण.' मी हो म्हटलं. हे आमचं ठरलेलं. ठरवणारी तू, वहिनी. वेदनेत बोलून गेली असशील, विसरलीही असशील. तिने मात्र आजपर्यंत एका शब्दाने फोडलं नाही.

मला तुझी बाजू कळत नाही असं समजू नकोस. ज्या सासूची नक्कल केली, तिच्यासारखंच आपल्यालाही होतं, हे नवऱ्याला कसं सांगणार? मी तुझं झाकायला म्हणूनच ते रक्ताचं आणि दातांचं पुराण लावलं. वेळ मारून नेत होते. तू माझ्यावर शंका घेतलीस तेही मी गिळलं असतं. पण तिकडे एक माणूस नसलेल्या साबणाची शिक्षा रोज गुडघ्यांवर बसून भोगतोय, ते मला बघवत नाही. तो माझा भाऊ आहे.

आता तुझं पहिलं पत्र काढ आणि बाटलीसारखं उजेडात धर. आधी वरचे कोपरे, डावीकडून उजवीकडे, मग खाली, श्वास धरून. असं बघायला मी शिकवलं? आम्ही दातवाले वरचे कोपरे बघत नाही, वरचे दात खालच्यांवर कसे बसतात तो चावा बघतो. ही तपासणी तुझी आहे. इथे ती माझ्या कवळ्यासुद्धा तशाच तपासायची आणि 'ही पास' म्हणून बाजूला ठेवायची. 'आई असंच करते,' म्हणायची.

आणि सगळं बघून झाल्यावर ती बाजूला होते आणि मग तुला आत जाऊ देते. पाल असली तर दार ओढून तुला मागे लोटते. तू लिहिलंस, आईला पुढे घालते. वहिनी, ती तुला पुढे घालत नाही गं. ती तुझ्यासाठी बघते. तिला स्वतःसाठी पालीची भीती वाटत असती तर दिव्यामागच्या मावशीने तिला झोपू दिलं नसतं. पाल पडली की आई पडते आणि आईला घेऊन जातात, एवढंच तिला माहीत आहे. माझ्याकडे तू नव्हतीस, म्हणून भीतीही नव्हती. तुझ्याकडे आली आणि कामाला लागली.

ती डबीसुद्धा तिने निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे मागितली. एक तरी पाल बंद करून ठेवते म्हणाली.

यापुढे तू तिला पाठव किंवा नको पाठवू. स्टूल मी हलवणार नाही.

ताई


९ एप्रिल

ती. ताईंना,
साष्टांग नमस्कार.

पत्र आलं त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला की ते मी डाळीच्या डब्यामागे कोंबलं. मग काढलं. मग पुन्हा कोंबलं. शेवटी यांच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

वाचून झालं तसे हे स्वयंपाकघरात आले. मला वाटलं आता बोलतील. तर म्हणाले, 'म्हणजे मी साबण वर ठेवला होता?' आणि खुर्चीत बसून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी रडत होते. तुमचा भाऊ असा कसा आहे हो?

तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. पाल मानेवर पडली, थंडगार, आणि मी काय केलं, गोटीला काय बजावलं ते मला आठवतही नाही. गोटीने फक्त मला पडलेलं बघितलं असेल, पाल नाही, असं मी धरून चालले होते. त्यापलीकडे मी बघितलं नाही, कारण बघायचं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या बाटल्या बघते मी.

भीती रक्तातली की शिकलेली, त्या वादाचंही सांगते. माझी भीती कुठून आली ते मला माहीत नाही. आई पाल हाताने धरायची आणि मी तेव्हाही फ्रॉकचा घेर मुठीत धरून उभी असायची. मला कुणी शिकवली नव्हती. ती माझ्याबरोबरच आली असेल, तुमच्या हिरडीतल्या दातासारखी. पण गोटीची तशी नाही. तिला ती मी शिकवली, एका किंकाळीत. आणि वर पाय घसरला असंच म्हणायचं हेही बजावलं.

परवा आम्ही दोघी बाथरूमच्या दाराशी आलो. ती थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, 'आई, आहे.' दार ओढायला लागली. मी म्हटलं, असू दे, आज तू मागे राहा. आत गेले. पाल नळाच्या वर होती, आणि ती हलली. ताई, मी ओरडले नाही असं तुम्हाला लिहायचं फार मनात होतं. ओरडले. शेजारचे दार वाजवायला आले इतकी ओरडले. पण भिंत धरून उभी राहिले. गोटी माझ्याकडे बघत होती, आधी वर, मग खाली. मग तिच्या मुठीतला फ्रॉक सुटला. म्हणाली, 'आई, तू पडली नाहीस!' आणि टाळ्या वाजवत बाबांना सांगायला पळाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिने बाबांना पालीचं काही सांगितलं.

डबी तिने स्वतः सोडली. मेणाची पाल आता खिडकीत आहे. मी तिकडे बघत नाही, पण काढूनही टाकत नाही.

सुट्टी लागली की गोटी येते आहे. तिला पोचवायला मी येईन आणि चार दिवस राहीन. तुम्हाला चालणार असेल तर. तुमच्या मावशीला दिव्यामागून हलवू नका, मी दारातूनच नमस्कार करीन. तुमच्यावर घेतलेल्या संशयाची माफी कागदावर मागत नाही, समोर येऊन मागेन. कागदाला डोळे नसतात.

आज सकाळी गोटी गुणगुणत बाथरूममध्ये शिरली, सरळ, वर न बघता. मी दारात उभी राहिले आणि आधी वरचे कोपरे बघितले. आता ते काम माझं आहे.

तुमची,
वहिनी